आठ वर्षांच्या मुलीला घोडेस्वारीला घालावं का? धोका आणि खर्च, दोन्ही विचारतेय

राजारामपुरीची आई

नमस्कार. माझी थोरली आठ वर्षांची आहे, तिसरीला. रविवारी रंकाळ्यावर गेलो की तिला भेळ नको असते, आइस्क्रीम नको असतं, घोड्यावरची एक फेरी हवी असते. वाटलं, महिनाभर चालेल हे खूळ. आता वर्ष झालं. तिथल्या घोडेवाल्या मामांच्या तिन्ही घोड्यांची नावं तिला पाठ आहेत, कुठल्याच्या मागच्या पायाला पांढरं आहे तेही. शाळेची व्हॅन कावळा नाक्यावरून जाते. ताराराणींच्या पुतळ्याकडे बघत जाते आणि घरी येऊन विचारते, "त्यांना कुणी शिकवलं?"

शहराबाहेर एके ठिकाणी रीतसर शिकवतात असं कळलं, म्हणून परवा आम्ही दोघं बघून आलो. महिन्यात आठ वेळा, दर वेळी पाऊण तास, फी ४,५००. मिस्टर शिरोलीत फौंड्रीत आहेत, धाकटाही शाळेत जायला लागलाय, त्यामुळं ही रक्कम आमच्यासाठी लहान नाही. तिथं तिच्याच वयाचा एक मुलगा मोठ्या घोड्यावर एकटा फिरत होता आणि हेल्मेट सारखं डोळ्यांवर येत होतं. एका हातानं लगाम, दुसऱ्या हातानं हेल्मेट. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. मिस्टर म्हणाले, सगळीकडं असंच असतं. सासूबाईंचं म्हणणं, पोरीच्या जातीनं हातपाय मोडून घ्यायचा नाद कशाला. त्यांना मी उत्तर दिलं खरं, पण रात्री झोप लागली नाही.

ज्यांची मुलं शिकलीत त्यांनी सांगा. आठ वर्षं हे वय बरोबर आहे का? पडण्याची भीती खरी किती? आणि फी सोडून वर्षाला आणखी काय काय लागतं? मागाहून मधेच बंद करावं लागलं तर तिचा जीव तुटेल, म्हणून आधीच विचारतेय.

हुपरीकर

ताई, माझी मुलगी नवव्या वर्षी बसायला लागली, आता बारा पूर्ण झाली. मधे एकदा हात मोडून घेतलाय. आमचं चांदीचं काम, रोजचा हिशेब लिहायची घरात सवय, म्हणून आकडे वहीतले देतो. पण आधी पडली कशी ते सांगतो, कारण पैशाचं सगळं त्यातून निघतं.

डिसेंबर महिना, कारखाने जोरात. तिचा तिसरा महिना होता. रिंगणात दुडकीवर, म्हणजे हळू धावत्या चालीवर, अजून तोल जात होता, तरी त्या दिवशी मास्तरांनी चार पोरांना बाहेर, उसाच्या बांधावरच्या वाटेनं नेलं. मी गाडी लावून बांधावर उभा होतो. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, वर मोठ्यानं गाणी. घोडा उधळला नाही. त्यानं फक्त बाजूला एक उडी घेतली. तेवढ्यानं पोरगी डाव्या अंगाला खाली आली. पायात सपाट तळव्याचे शाळेच्या पीटीचे बूट होते. डावा पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लोंबणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, घोट्यापर्यंत आरपार गेला होता. घोडा पाच-सहा पावलं चालला आणि ती सोबत फरफटली. नाडी सैल होती म्हणून बूट निघाला आणि ती सुटली. रिकिबीत लोंबकळणारा तो पांढरा बूट अजून डोळ्यासमोरून जात नाही.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. डोकं बांधाच्या दगडावर आपटलं होतं. हेल्मेटला बाहेरून नुसता ओरखडा, पण आतलं थर्माकोलसारखं अस्तर आडवं तडकलं होतं. ते हेल्मेट मी तिचं तिचं विकत घेतलं होतं म्हणून आज हे लिहितोय.

घोड्याचा दोष मी धरत नाही. जनावर आहे, दचकणारच. दोष तिघांचा. मास्तरांनी वेळेआधी बाहेर नेलं. मी बुटाकडं लक्ष दिलं नाही. आणि रिकीब जुन्या पद्धतीची होती. मुलांसाठी अशी रिकीब मिळते जिला बाहेरच्या बाजूला लोखंडाऐवजी जाड रबराची कडी असते. पाय अडकला की रबर निसटतं आणि पाय मोकळा होतो. तुम्ही बघून आलात तिथं ती आहे का, आधी एवढंच विचारा.

बुटाला अर्धा ते एक इंच टाच पाहिजे आणि तळवा गुळगुळीत, खाचांचा नको. टाच असली की पाय रिकिबीतून पुढं सरकत नाही. ही गोष्ट इतकी साधी आहे आणि मला ती हाड मोडल्यावर कळली.

हेल्मेटचं सांगतो. सायकलचं चालत नाही. ते डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकत नाही आणि घोड्याच्या पाठीच्या उंचीवरून पडण्यासाठी ते बनवलेलंच नसतं. मोटरसायकलचं लहान मानेला जड होतं. घोडेस्वारीचंच घ्या, आतल्या चिठ्ठीवर एएसटीएम एफ ११६३ किंवा ईएन १३८४ हे सुरक्षेचं मानक लिहिलेलं बघून. शिंप्याच्या टेपनं भुवईच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याचा घेर घ्या. पट्टा न लावता मान हलवायला सांगा. हेल्मेट हललं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. "पुढच्या वर्षी बसेल" म्हणून मोठं घेऊ नका, चपलेचा हिशेब इथं लावायचा नाही. आणि एकदा डोकं आपटलं की ते हेल्मेट संपलं, बाहेरून कितीही चांगलं दिसो. मी त्याच आठवड्यात दुसरं घेतलं.

आता वयाचं. सहा-सात वर्षांनंतर बहुतेक ठिकाणी घेतात. पण वयापेक्षा पोर मास्तरांचं पहिल्या हाकेला ऐकतं का, ते बघा. थांब म्हटल्यावर थांबणारं मूल आठव्या वर्षी शिकतं. आणि कसं शिकवतात तेही बघा. पडल्यानंतर आम्ही जागा बदलली. नव्या ठिकाणी बाईंनी तीन महिने तिच्या हातात लगाम दिला नाही. घोडा लंजवर, म्हणजे लांब दोरावर, बाई मधे उभ्या, पोरगी गोल फिरतेय. हात कधी कमरेवर, कधी डोक्यावर, रिकिबी काढून ठेवलेल्या. मला वाटायचं, अहो पैसे भरतोय आणि पोर नुसती फिरतेय. नंतर कळलं की मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, पक्की बसल्याशिवाय लगाम दिला की पोर तोल सांभाळायला लगामच ओढतं, घोड्याच्या तोंडाला हिसके बसतात आणि मग घोडा चिडतो. तुम्ही पाहिलेला तो मुलगा तिथंच पोचलाय. त्याचा एक हात हेल्मेटवर आहे याचा अर्थ दुसऱ्या हातानं तो लगामाला लटकलाय.

आणखी एक. वर बसवण्याआधी आणि दोन फेऱ्या झाल्यावर पुन्हा, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळून बघतात का, लक्ष ठेवा. खोगीर चढवताना घोडा पोट फुगवतो, नंतर सोडतो, मग तंग ढिला पडतो आणि खोगीर पोरासकट बाजूला फिरतं. चांगला मोतद्दार, म्हणजे घोडे राखणारा, हे न सांगता करतो.

खर्च. पहिल्या वर्षीचा हिशेब असा निघाला. फी महिना ४,०००, पावसाळ्यात जुलै-ऑगस्ट मैदान चिखल असतं म्हणून दहा महिने, ४०,०००. हेल्मेट ३,२००. आखूड बूट २,८००, त्यावर पोटरीला बांधायचे चामडी पट्टे १,४००. रायडिंगच्या दोन पँटी २,६००. हातमोजे ४००. हुपरीहून मोटरसायकलवर जाऊन-येऊन पेट्रोल साधारण ६,०००. हाताचा एक्स-रे, डॉक्टर, प्लास्टर मिळून १४,०००. दुसरं हेल्मेट ३,२००. बेरीज ७३,६००. यातले १७,२०० रुपये टाच नसलेल्या बुटाचे आहेत असंच मी धरतो.

पँटी, मोजे, पोटरीचे पट्टे पहिल्या वर्षी नाही घेतले तरी चालतं. शिवण टोचणार नाही अशी घट्ट लेगिंग पुरते. हेल्मेट आणि टाचेचा बूट पहिल्या दिवसापासून पाहिजे. बूट जुना चालेल, हेल्मेट जुनं कुणाचं घेऊ नका, ते कुठं आपटलंय हे कळत नाही.

प्लास्टर काढल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पप्पा, मी परत बसतो." तिची आई रडली. मी नेलं. आज ती स्वतः तंग आवळते.

जुना बुधवार

हुपरीकर, मांडेची गोष्ट बोललात, बरं वाटलं. हा शब्दच आता ऐकू येत नाही. माझे आजोबा संस्थानच्या पागेत मोतद्दार होते. ते म्हणायचे, "ज्याची मांड घट्ट, त्याचा हात हलका."

ताई, माझं सांगणं निराळं आहे. तुम्ही सगळे घोड्यावरून पडायचं बोलताय. पण लहान पोरांना इजा होते ती पुष्कळदा खाली उभं असताना. पायावर खूर पडतो, नाहीतर लाथ बसते, नाहीतर चावा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. पोरं नेमकी तिथंच जातात. पुढून नाकावर हात मारतात, मागून शेपटीला. तुमच्या लेकीला शिकवा, डाव्या खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. आवाज आधी पोचला पाहिजे, हात मागनं. गूळ द्यायचा तर तळहात सपाट, अंगठा आत चिकटलेला. दोर हाताला कधीच गुंडाळायचा न्हाई. जनावर चारशे किलोचं. त्यानं मान झटकली तर बोट राहत न्हाई. आमच्या आजोबांच्या एका सोबत्याचं करंगळीचं पेर असंच गेलं होतं, लहानपणी आम्हा पोरांना ते बोट दाखवून शिकवलं जायचं.

आजोबा नव्या पोराला पंधरा दिवस घोड्यावर बसू द्यायचे न्हाईत. आधी खरारा, म्हणजे ब्रशनं अंग घासायचं. मानेपासून सुरुवात, केसांच्या ओढीनं, पोटाखाली हलक्या हातानं. मग खूर उचलून खडा काढायचा. मग चंदी, म्हणजे दाणा. कान पुढं आहेत का मागं चिकटलेत, शेपूट कशी झटकतोय, हे सगळं खरारा करताना कळतं. कान मागं चिकटले की हात लावायचा न्हाई. तुम्ही बघून आलात तिथं पोरांना खरारा करू देतात का विचारा. नुसतं तयार घोडं आणून पोराला वर ठेवत असतील तर ते रंकाळ्यावरच्या फेरीसारखंच झालं, फी तेवढी जास्त.

आणि घोड्याची पाठ बघा. खोगीर काढायला सांगा. मणक्याजवळ केस गेलेत का, चट्टा आहे का, फोड आहे का. पाठ दुखणारं घोडं कधीतरी लाथ घालणारच, त्यात त्याची चूक न्हाई.

भीतीचं म्हणाल तर भीती असू द्या. आपल्या गावानं ते दुःख बघितलंय. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १९१८ साली रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. महाराजांच्या घरात घोड्याची उणीव नव्हती, शिकवणारांची नव्हती. मागं राहिलेल्या सूनबाईंना, इंदुमतीदेवींना, महाराजांनी सोनतळीला ठेवून शिकवलं, ही गोष्ट आम्ही आजोबांकडून कितीदा ऐकली. ते सांगताना आजोबांचा आवाज बदलायचा. ताई, घाबरवायला हे लिहीत न्हाई. भरधाव घोडा आणि उंचसखल रान, तिथं भल्याभल्यांचं चालत न्हाई. तुमच्या लेकीला रिंगणात, चालीवर आणि दुडकीवर दोन वर्षं राहू द्या. दौडीची घाई शिकवणाऱ्याला असली तर तिथनं उठा.

क्लेमचं काम बघणारी

विम्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. आरोग्य विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत साहसी खेळांतली इजा वगळणारं एक प्रमाणित कलम असतं, कोड ०९. त्यात घोड्यांच्या शर्यतीचं नाव आहे. पण ते कलम व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. शिकणाऱ्या मुलीचा हात मोडला तर निव्वळ त्या कलमावर क्लेम नाकारता येत नाही. मात्र वैयक्तिक अपघात पॉलिसीत प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते, ती वाचून घ्या. प्लास्टर घालून त्याच दिवशी घरी सोडलं तर नुसत्या ॲडमिशनच्या पॉलिसीतून बहुधा काही मिळत नाही. हुपरीकरांचे १४,००० म्हणूनच खिशातून गेले असावेत.

शिकवणारे एका कागदावर सही घेतील, "जबाबदारी पालकांची." सही करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

हुपरीकर

हो, खिशातूनच गेले.

घोड्यांची डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे. कॉलेजात एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी शाखेत घोडेस्वारी शिकले. तिथं घोडे सरकारचे, शिकवणारे लष्करातले, घरून मला जवळपास काही भरावं लागलं नाही. तुमची मुलगी कॉलेजला जाईपर्यंत हा नाद टिकला तर ही वाट लक्षात ठेवा.

दोन गोष्टी माझ्या बाजूच्या. एक, मुलीचा धनुर्वाताचा डोस. लसीकरणात पाच-सहा वर्षांचा बूस्टर असतो आणि पुढचा दहाव्या वर्षी. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, त्यामुळं कार्ड काढून तपासा. दुसरं, घोड्यांची ग्लँडर्सची तपासणी झालीय का विचारा. हा रोग घोड्यापासून माणसाला होऊ शकतो आणि त्यावर सरकारी नियंत्रण आहे, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याच्या चाचण्या होतात. चांगला पागावाला रिपोर्ट लगेच दाखवतो.

घोडा किती मोठा असावा, हेही बघा. साधारणपणे घोडा स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझं सुखानं नेतो, खोगीर धरून. दोनशे किलोचं तट्टू म्हणजे चाळीस किलो. आठ वर्षांच्या मुलीला तट्टूच योग्य. तिचे पाय त्याच्या पोटाला धड टेकतात, म्हणजे टाच लागते आणि पडलीच तर उंचीही कमी. आपली भीमथडी जात अशीच, बुटकी, काटक आणि शांत. तिला आता देशातली स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळालीय. मोठ्या मारवाडी घोड्यावर मूल शोभून दिसतं, पण पाय खोगिराच्या पाखाच्या, म्हणजे बाजूला लोंबणाऱ्या चामड्याच्या, खाली पोचत नाहीत.

आणि कळकळीनं सांगते, वर्षभरात कुणीतरी म्हणेल, "सारंगखेड्याच्या बाजारात स्वस्तात मिळतो, घेऊनच टाका." घेऊ नका. घोडा विकत घेणं हा खर्चाचा सर्वांत लहान भाग. रोजची वैरण, चंदी, दीड-दोन महिन्यांनी नालबंद, जंताचं औषध, लसी, राखायला माणूस. आणि मध्यरात्री पोटशूळ उठला तर तुम्ही मला फोन कराल आणि मी तासभर लांब असेन. पोटशुळानं दगावलेले घोडे मी पाहिलेत, आणि ज्या घरातलं मूल त्या घोड्यावर वाढलं त्या घरात मला जावं लागलंय.

२०२३ च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चार जणांच्या चमूनं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या प्रकाराचं, सुवर्ण आणलं, त्यात दोघी मुली होत्या. घोडेस्वारीतलं सुवर्ण ४१ वर्षांनी आलं. सासूबाईंना तो व्हिडिओ नक्की दाखवा.

राजारामपुरीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं मिस्टरांनी आणि मी दोनदा वाचली, मग ती वहीत उतरवून आम्ही काल पुन्हा गेलो. सासूबाईंनाही नेलं.

रबराच्या कडीची रिकीब विचारली. त्यांच्याकडं एकच जोडी होती आणि ती मोठ्या खोगिराला लावलेली. मी म्हटलं, माझ्या मुलीच्या खोगिराला ती लागणार असेल तरच मी पैसे भरते. मालकांनी आमच्यासमोर काढून लावली. तंग दोनदा आवळतात का, ते मी तासभर उभी राहून बघितलं. एकदाच आवळला. सांगितल्यावर "बरं" म्हणाले. ते मला तितकंसं आवडलं नाही, म्हणून पहिले दोन महिने मी प्रत्येक वेळी जाणार आहे. खोगीर काढून पाठ दाखवली, स्वच्छ होती. लंजवर तीन महिने ठेवा म्हटल्यावर शिकवणारे सर मात्र खूश झाले. म्हणाले, पालकच घाई करतात हो. ग्लँडर्सचा रिपोर्ट पुढच्या वेळी दाखवतो म्हणालेत. तो बघितल्याशिवाय पहिला हप्ता द्यायचा नाही असं ठरलंय.

सासूबाई आधी लांब खुर्चीवर बसल्या होत्या. नंतर काय झालं कुणास ठाऊक, पदराच्या गाठीतला गुळाचा खडा काढून तट्टूसमोर धरला, तळहात सपाट. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, माहेरी बैलांना असाच द्यायचो.

हेल्मेट मागवलंय, डोक्याचा घेर ५२ सेंटिमीटर भरला. धनुर्वाताचा बूस्टर झालाय, कार्डावर आहे. आता फक्त बूट राहिलेत. हुपरीकर, २,८०० एकदम जमणार नाहीत. तिच्या पायाला होतील असे गुळगुळीत तळव्याचे चामडी बूट घरात आहेत, पण टाच नाही. काही करता येईल का?

हुपरीकर

येईल ताई. पापाच्या तिकटीला चप्पल लाइनीत घेऊन जा. चामड्याचे थर चढवून पाऊण इंच टाच करून द्या म्हणा, खिळे आतून मोडून घ्यायला सांगा आणि कड तिरपी न घासता सरळ ठेवायला सांगा. माझ्या मुलीचे दुसरे बूट असेच केले होते, दीडशे रुपयांत. बूट पायात घालून नेऊ नका, रात्रभर सोलुशन वाळू द्या. आणि नाड्या असतील तर टोकं बुटाच्या आत खोचून वरून चिकटपट्टी लावा.